वीस अंशांचा मामा

उन्हात सगळेच तापतात. थंड खोलीत बसून तापणारा माणूस मी एकच पाहिला, तो माझा मामा. भिलाईजवळ, जामुलकडच्या एका लहान कारखान्यात कॅमेऱ्यांच्या लेन्स व्हायच्या आणि त्या तपासायच्या खोलीवर त्याचं राज्य होतं. मी त्याच्या हाताखाली होतो. वैऱ्यावरही अशी वेळ येऊ नये. खोली बारा महिने वीस अंशांवर. बाहेर भिलाईचा मे, आत मामा स्वेटर घालून शिव्या देतोय. घासून आलेली लेन्स रात्रभर तिथं ठेवायची, लोणच्यासारखी मुरू द्यायची, मगच मापायची. चहा आत आणायचा नाही, दोघांनी एकदम शिरायचं नाही. एकदा मॅनेजरसाहेब मोबाईलवर बोलत आत आले, तर मामा कडाडला, "कावून घुसून राहिले जी साहेब? तुमच्या अंगाची ऊब काचेले लागते ना!" साहेब लाल झाले, तर म्हणतो, "पाहा, अजून तापले!"

याच साहेबांनी एका दुपारी, मामा जेवायला गेला असताना, मला फर्मावलं, "गिऱ्हाईक बसलंय, आत्ताच्या आत्ता माप." लेन्स नुकतीच घासून आलेली, हाताला कोमट लागत होती. मी मापली. चित्र पसरट आलं, मी कागदावर 'बाद' लिहिलं. ती घासली होती खुर्सीपारच्या म्हाताऱ्या रामाधीनकाकांनी. साहेबांनी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, उद्यापासून येऊ नका. काका डबा उचलून गेले.

मामा परतला आणि त्यानं सगळ्या कारखान्यासमोर माझी सालटी काढली. "गाढवा, वरून निवली अन् आतून गरम, अशा काचेतून चित्र साफ येते का बे? तिले बसू तरी द्यायचं होतं!" हुकूम साहेबांचा आणि शिव्या मला! माझंही डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तीच लेन्स मापली. तिच्यात काडीचा दोष नव्हता. कागद साहेबांच्या टेबलावर आपटून त्यानं मला स्कूटरवर बसवलं आणि खुर्सीपारला नेलं. "सांग. तुझी चूक, तुझ्याच तोंडानं." मी सांगितली. काका कामावर परतले. मी मात्र मामाशी वर्षभर धड बोललो नाही.

आता तो निवृत्त होऊन मरोद्याला असतो. परवा साहेबांशी भांडून, राजीनामा खिशात घालून, मी भर उन्हात त्याच्याकडे गेलो. वाटलं, साहेबांना चार शिव्या तरी हासडेल. त्यानं पाणी दिलं, कूलरचं तोंड माझ्याकडे फिरवलं. मी बोलायला लागलो तसा म्हणाला, "आता काही नको सांगू. बस जरासा. मंग पाहू."

आवाजात जुना ताप कुठंच नव्हता. खरं तर मी त्या तापासाठीच गेलो होतो.