जामिनाचे पेढे

दादाला जामीन झाला त्या दिवशी बाबांनी एक चूक केली, आणि ती घरोघर वाटायला मी गेले.

धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, भांडणात शेजारच्या वावरातला माणूस डोक्यात काठी बसून मेला होता. काठ्या पाच-सहा जणांच्या हातांत होत्या, नाव मात्र दादाचं आलं. खुनाचा गुन्हा. वैशाखात धरलेला पोरगा दिवाळीलाही आतच. बीटी कापूस तेव्हा नवीन होता. बोंडं एकदम फुटली, वावर पांढरं झालं, आणि वेचायला एक बाई येईना. “खुन्याच्या वावरात कोन जाईन?” म्हणायच्या. एकेकीच्या झिंज्या उपटाव्यात असं वाटायचं मला. खटल्याची पहिली तारीख लागली नव्हती आणि गाव निकाल देऊन मोकळं झालं होतं.

मग जामीन झाला. गावातच राहायचं, दर सोमवारी ठाण्यात सही करायची, साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही. बाबांनी मोताळ्याहून पेढे आणले. पेढे वाटताना आमच्या आळीत एकही घर सोडत नाहीत. मी ताट घेऊन निघाले आणि रीत म्हणून, खरं सांगायचं तर थोडं नाक वर करून, मेलेल्या माणसाच्या आईच्या दारातही गेले.

काकूंनी पेढा घेतला. “सुटला काय तुहा भाऊ?”

“हाव काकू, जमानत झाली.”

पेढा मुठीत धरून त्या आत गेल्या.

आमच्या वकिलांना कळलं तेव्हा ते फोनवर ओरडलेच. “अहो, त्या साक्षीदार आहेत! पेढे देऊन फितवायला आले, एवढं त्या ठाण्यात बोलल्या तरी जामीन रद्द होईल. आणि सुटला कोण म्हणालं? गुन्हा शाबीत होईपर्यंत निर्दोष धरायचं, इतकंच आहे ते.” दादानं गुपचूप दोन कपडे पिशवीत भरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूच आमच्या दारात उभ्या. दादा मागच्या दारानं निघून गेला. बाबा हात जोडून उठले. काकूंनी कागदात बांधलेला पेढा ओट्यावर ठेवला.

“ठान्यात नाही गेली मी. माह्या लेकाले कोनं मारलं, मले माहीत नाही. गर्दीत काठी दिसली, हात नाही दिसला. कोर्टात तेच सांगीन, पेढा देल्ला तरी आन् नाही देल्ला तरी. म्या त्याले अजून खुनी म्हन्लं नाही. तुमी त्याले सुटला म्हनू नका. जज सांगीन तवा पाहू.”

मला फार लाज वाटली. पोटचा लेक गेलेली बाई थांबायला तयार होती, आणि मी ताट घेऊन मिरवत होते.

“चुकलं माह्यं, काकू.”

“हाव, चुकलं,” म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी वेचत होतो. ऊन चढायच्या आत सात-आठ बाया कमरेला कापूस वेचायची ओटी बांधून आमच्या वावरात शिरल्या. मी फणकाऱ्यानंच विचारलं, “आज कशा काय आल्या?”

“म्हातारीनं धाडलं,” पुढची बाई म्हणाली. “म्हने, केस पोरावर हाय, कापसावर नाही.”

आई त्यांना तासं, एकेकीला एकेक ओळ, वाटून देऊ लागली. मी पाठ फिरवून पोटभर रडले.