कांबळे सरांची शुगर

दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते नंबर न लावताच आत येतात! माझा दवाखाना लातुरात, ट्यूशनच्या गल्लीत. इथं घरोघरी एक होणारा डॉक्टर, त्यामुळे झालेल्या डॉक्टरला विचारतो कोण? तरी कांबळे सर माझ्याकडं आले, आणि त्यांच्या एकट्याच्या शुगरनं मला आख्ख्या गल्लीपेक्षा जास्त किस्से दिले.

सर क्लासमध्ये बायोलॉजी शिकवायचे. अंगानं काडीपैलवान, गोडाचा शौक नाही, आणि तिशीच्या आतच शुगर वाढलेली. लगेच सगळे तज्ज्ञ झाले. घरमालक म्हणाले, भात सोडा. मेसवाले म्हणाले, बटाटा सोडा. पोरं म्हणाली, "सर, टेन्शन सोडा!"

सरांनी सगळं सोडलं. शुगरनं सरांना सोडलं नाही!

*

लिव्हरचे रिपोर्टही बिघडलेले दिसले, म्हणून पुढच्या तपासण्या केल्या. हेपॅटायटिस सी निघाला. रक्तातून येणारा विषाणू. "कधी रक्त चढवलं होतं का?" मी विचारलं.

उत्तर सोबतच्या आईनं दिलं. "भूकंपात भिंत पडली की याच्या अंगावर. एवढुसं लेकरू व्हतं. तवा चढवलं."

त्या काळी या विषाणूची तपासणीच आमच्याकडं पोचली नव्हती. हे ऐकून माउलीनं लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "सरकारनं दिलेले पत्रे कवाच उडून गेले, डॉक्टर. मदत म्हणून एवढंच काय ते टिकलं!"

*

सरांना मी समजावलं, "हा विषाणू लिव्हर बिघडवतो आणि मग शरीर इन्सुलिनचं ऐकत नाही. इन्सुलिन तयार होतं, पेशीच्या दारात उभं राहतं, पण त्याला कुणी दाद देत नाही. साखर बाहेर रक्तातच फिरत राहते."

"कळलं," सर म्हणाले. "मी रोज घसा फोडून शिकवून राहिलो, समोरचा मान हलवून राहिला, अन् आत काहीच शिरंना. डॉक्टर, अशी माझी आख्खी बॅच हाय!"

*

बातमी क्लासच्या मालकांपर्यंत गेली. ते घामाघूम होऊन आले. "पालकांना कळलं तर? खडूनं पसरतं का?"

"नाही."

"डब्यानं? हात मिळवल्यानं?"

"नाही हो. रक्ताचा रक्ताशी संबंध यावा लागतो."

मालक आणखीच घाबरले. "मग पंचाईत झाली! आमच्या बोर्डावर लिहिलंय, सर रक्ताचं पाणी करून शिकवतात. ते पुसू का?"

बोर्ड राहिला. सरांनाच 'विश्रांती' मिळाली!

*

रिकाम्या बसलेल्या सरांना एक नातेवाईक जळकोटकडच्या एका शुगरवाल्या बाबाकडं घेऊन गेला. बाबा ताकदीचं इंजेक्शन द्यायचा. सरांनी विचारलं, "सुई नवी हाय ना?"

"नवी कशाला? लई गुणाची हाय. समद्या गावाला हीच लागती!"

सर तिथून जे निघाले, ते थेट माझ्याकडं. आमच्या नर्स शाहेदाआपांनी सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "डॉक्टरसाब, उस सुई कू तो अब पेन्शन होना!"

*

पुढं गोळ्यांचा कोर्स झाला. विषाणू गेला, हळूहळू शुगरही खाली आली. सगळ्यांची येतेच असं नाही, सरांची आली. लगेच आईनं स्थळं बघायला घेतली. इस्लापूरची मुलगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आईनं बजावलं, "गेलेलं दुखणं तोंडातून काढू नको!"

सरांनी ऐकलं नाही. साक्षीला मलाच घेऊन गेले. जय भीम झालं, सगळे बसले, आणि सरांनी भूकंपापासून सुरुवात केली. मग रक्त, विषाणू, लिव्हर, इन्सुलिन. पूर्ण धडा! आईनं पदर तोंडाला लावला. मुलीच्या मामानं मोबाईल काढला. वडील माझ्याकडं बघून राहिले, आणि मी नुसती मान हलवली, की हो, सगळं खरं आहे.



मुलगी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होती. धडा संपेपर्यंत तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली, सरांसमोर थांबली आणि सरळ त्यांनाच विचारलं,

"सर, आता साखर किती घालू?"