ऑर्फन या शब्दाचं मूळ

श्रीकांत मास्तरांनी जन्मभर जबलपूरच्या पोरांना इंग्रजी शिकवलं, पण जीव अडकला होता शब्दांच्या कुळात. हा शब्द लॅटिनात काय होता, ग्रीकात कोणाच्या घरचा होता, हेच त्यांचं वेड. महाराजपूरच्या कॉलनीत ते ऐकायला वेळ कोणाला? गाढवापुढे वाचली गीता! ऐकायचा तो एकटा तनय, त्यांचा मुलगा.

रोज जेवताना बापलेक एक शब्द घ्यायचे. मग तनय मोबाईल घेऊन आपल्या खोलीत आणि मास्तर जाडजूड कोश घेऊन हॉलमध्ये. मूळ ज्याला आधी सापडेल त्याने घरभर आरोळी ठोकायची, हरणाऱ्याने ताटं घासायची.

"काहून ओरडून राहिले दोघं? कॉलनी जागी कराल," मास्तरांची बायको विनता रागवायची.

गेल्या उन्हाळ्यात पाटनच्या बँकेतल्या नोकरीवरून परतताना तनयच्या मोटारसायकलला ट्रकने उडवलं. विनता रडली नाही. बोलणंही कामापुरतंच राहिलं. घरात तनयचं नाव कोणी काढेना. मुलापाठोपाठ हीसुद्धा हातची जाते की काय, या धास्तीने मास्तर खंगत चालले.

एका दुपारी भाजी निवडता निवडता तिनेच विचारलं, "अहो, मायबाप गेले तर ऑर्फन म्हणतात. मुलगा गेला, तर मायबापाला काय म्हणतात?"

तिने काही विचारलं, हेच मास्तरांना केवढं वाटलं. त्यांनी कोश उघडला. ऑर्फन, लॅटिनात ऑर्फनस, त्यामागे ग्रीक ऑर्फनोस. ग्रीक लोक तोच शब्द मुलं गमावलेल्या आईबापांनाही लावत. आणखी मागे गेलं, तर पंडितांनी त्याचं नातं संस्कृत अर्भाशी जोडलेलं, म्हणजे आपल्या अर्भकाशी! मास्तर सगळं विसरले. अंगात जुनं वारं संचारलं.

"तनय! हरलास बेटा! अर्भक निघालं!"

विनता स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली आणि तनयच्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली. मास्तरांनी कोश मिटला.

"चुकलं गं," ते पुटपुटले, "सवयीने..."

ती तिथेच जमिनीवर बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. मास्तर शेजारी टेकले. आपण तिची जखम पुन्हा उघडी केली, असं वाटून त्यांना स्वतःचाच संताप आला. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

"अजून एकदा हाक मारा ना त्याला," ती म्हणाली.