आक्काचं पहिलं पान

प्रकल्पातली मंडळी तिला आक्का म्हणत, कारण कुणाचंही काम तपासताना ती थोरल्या बहिणीसारखी कान उपटायची. हा प्रकल्प म्हणजे कपडे बेतायचं एक मोफत सॉफ्टवेअर. मापं भरली की शर्टाचा, झग्याचा कागदी नमुना छापून मिळायचा. कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं. ठिकठिकाणचे दहा-बारा जण नोकऱ्या सांभाळून निव्वळ हौसेनं ते चालवत.

आक्काच्या वहिनीचं शिलाईचं दुकान होतं. एका रविवारी आक्कानं मोठ्या तोऱ्यात हे सॉफ्टवेअर तिथल्या संगणकावर बसवलं आणि कपड्यांचे गठ्ठे सरकवून स्टुलावर बसली.

"तू कर, वहिनी. मी नुसती बघते."

वहिनीनं चष्मा पुसला. मापं कुठं भरायची, तेच सापडेना. शेवटी तिनं 'मदत' दाबलं. पान उघडलं: 'ही माहिती लवकरच देण्यात येईल.' ते 'लवकरच' कैक वर्षांपूर्वीचं होतं.

"माझंच डोकं चालत नाही बघ," वहिनी ओशाळून म्हणाली.

आक्कानं ते पान पुन्हा वाचलं. तिनं हाताला धरून शिकवलं असतं तर एका वहिनीचं भागलं असतं. बाकीच्या वहिन्यांचं काय?

पुढच्या बैठकीत तिनं सांगून टाकलं, "या आवृत्तीत नवीन काही नाही. आधी वापरणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका."

पडद्यावर सगळ्यांची तोंडं उतरली. सगळे ज्याला घाईबाबा म्हणत, तो तर उसळलाच. सगळ्यांत हुशार तोच, आणि त्यानं बाह्या बेतायच्या नव्या सोयीचं काम जवळजवळ संपवत आणलं होतं.

"लोक वाचत नाहीत, आक्का!"

"वाचायला ठेवलंय काय आपण?"

"सॉफ्टवेअरच सोपं करू ना."

"कर की! पण अवघड कुठं आहे, ते तुला ठाऊक आहे का?"

घाईबाबा फुरंगटून निघून गेला. आक्काला वाईट वाटलं, पण ती हटली नाही.

एकानं उत्साहानं प्रत्येक बटणाचं वर्णन लिहायला घेतलं. आक्कानं त्यालाही थांबवलं. "दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला आपण आधी सगळ्या सुयांची नावं सांगतो का?" तिनं लोकांचे जुने प्रश्न वाचून काढले आणि जिथं सर्वांत जास्त जणांचं घोडं अडत होतं, ते आधी घेतलं: मापं भरणं. मग छापलेले कागद जोडणं. बाकीचं सगळं मागाहून.

पहिलं पान लिहून तिनं वहिनीपुढं ठेवलं आणि स्वतः तोंडावर बोट ठेवून मागं बसली. गप्प बसणं तिच्या रक्तातच नव्हतं, तरी बसली. वहिनीचा हात जिथं थबकायचा, तिथलं वाक्य खोडून नवं लिहायची. असं इतक्यांदा झालं की वहिनीच एकदा हसत म्हणाली, "अगं, मला आता पाठ झालं हे. माझा काय उपयोग? दुसरी कुणी बघ."

खरंच होतं ते. मग आक्का तेच पान घेऊन शेजारणीकडे गेली, ऑफिसातल्या मैत्रिणीकडे गेली. ज्यांनी आयुष्यात कात्री धरली नव्हती, त्यांच्याकडूनही तिनं शर्ट बेतून घेतले.

आवृत्ती आली तेव्हा थोडी कुरबूर झालीच. एवढे महिने लावून नवीन काय, तर पानं! पण रोज येणारे तेच ते प्रश्न आटले, आणि उत्तरं देऊन ज्यांच्या नाकीनऊ आले होते, ते मोकळे झाले. कुठल्याशा शिंप्यानं कॉलरीच्या पानातली चूक दाखवली, आणि वर दुरुस्त करूनही पाठवली.

आणि एक दिवस घाईबाबाचं बाह्यांचं काम आलं. सोबत पान जोडलेलं. खाली लिहिलं होतं, "आईला वाचायला दिलं. तिसऱ्याच ओळीत ती अडली. समजावून सांगायला गेलो तर मलाच सांगता येईना. म्हणून नुसतं पान नाही, बाहीच नव्यानं केली. आता दोनच मापं लागतात."

आक्कानं ते काम त्याच दिवशी स्वीकारलं, आणि आईंना नमस्कार कळवला.