डोळा लावायची जागा

आज दुपारी बाबा भिंतीवरचा फोटो फडक्याने पुसत होते. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा तो फोटो मी परसातल्या दुर्बिणीतून काढलेला. येणारेजाणारे त्याचं कौतुक करतात. काचबिंदूमुळे बाबांना आता जेमतेम उजेड-सावली कळते, म्हणून ते चौकट बोटांनी चाचपत पुसत होते.

दुर्बिणीला जिथे डोळा लावायचा, तिथे मी कॅमेरा बसवतो. दुर्बीण घेतल्यावर पहिले दोन हिवाळे बाबा रात्री स्वेटर घालून बाहेर यायचे. "काय रे, म्हाताऱ्याचा नंबर कधी लागणार?"

"बाबा, आता कॅमेरा काढला तर सगळं पुन्हा जुळवावं लागेल. उद्या नक्की."

"बरं. आभाळ कुठे पळून जातंय!" म्हणत ते आत जायचे.

पुन्हा जुळवायला अर्धा तास लागला असता, एवढंच. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांनी बाहेर येणं सोडलं. मला वाटलं, थंडी सोसत नसेल. इतक्या दुरून येणारा अंधुक उजेड मी तासन्‌तास गोळा करत बसलो होतो, आणि घरातल्या माणसाची नजर जात होती तेव्हा माझं लक्षही नव्हतं.

"रंग कोणता आहे रे याचा?" बाबांनी विचारलं.

"गुलाबी. कडेला निळसर."

"नुसत्या डोळ्याने दुर्बिणीतून पाहिलं तरी असाच दिसतो?"

मी खरं सांगितलं, "माहीत नाही, बाबा. दुर्बीण घेतल्यापासून मीही कधी डोळा लावून पाहिलं नाही."

बाबांचा हात काचेवर थांबला.

"मग तू तरी बघून घे," ते म्हणाले. "आणि मला सांग."