मधाच्या वाइनचं पिंप मी धुतलं!

स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नसे, आणि त्याचा फटका एका स्टीलच्या पिंपाला बसला.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आमचे हे नुकतेच रिटायर झाले होते. नाशकात तेव्हा जो तो द्राक्षाच्या वाइनवर बोलायचा. ह्यांना अर्थातच वेगळं काहीतरी करायचं होतं. म्हणून मधाची वाइन! पेठहून मध आला, दिंडोरीच्या मित्राकडून नळाचं जुनं पिंप आलं. (त्याला ‘केग’ म्हणायचं. पिंप म्हटलं की हे रागवायचे.) दिवाळीला लेकीचे सासरे पहिल्यांदाच राहायला येणार होते. पुण्याचे, चहासुद्धा हुंगून पिणारे! त्यांच्यावर छाप पाडायची, हा ह्यांचा बेत.

मे महिन्यात ह्यांनी मला बजावलं, “नळ खोल, रबरी रिंगा काढ, सोड्याच्या गरम पाण्याने धू. साबण नको, वास राहतो. आणि कृपा करून स्वतःचं डोकं चालवू नकोस!”

मी तेव्हा पन्नाशीची, म्हणजे अक्कल यायला बराच अवकाश होता. नळ खोलला, रिंगा काढल्या, सगळं लख्ख करून उन्हात वाळवलं. पण शेजारीच लोणच्याच्या बरण्या धुरीसाठी उभ्या होत्या ना! पेटती करवंटी, वर चिमूटभर हिंग, त्यावर बरणी उपडी. मग बुरशीची काय बिशाद? म्हटलं, एवढा महागाचा मध, त्याच्यावर अन्याय का? दिली केगलाही धुरी. पिंप मोठं, म्हणून हिंग मूठभर. रिंगा रुसतील, म्हणून त्यांनाही! (त्या दिवशी अख्खं घरच हिंगाने घमघमत होतं, त्यामुळे ह्यांना पत्ता लागला नाही.)

दिवाळी आली. व्याह्यांनी ग्लास उजेडात धरला, हलवला, हुंगला. भुवया वर गेल्या.

“मध कुठला म्हणालात?”

“पेठचा! रानफुलांचा!” ह्यांची छाती फुगलेली.

“फुलं काय फोडणीत पडली होती?”

ह्यांनी घाईने घोट घेतला. मग नजर सावकाश माझ्याकडे वळली.

“अगं, केगला काय लावलंस?”

“लावलं काहीच नाही. नुसती धुरी दिली.”

“कशाची?”

“हिंगाची. अहो, बुरशी धरू नये म्हणून!”

ह्यांचा चेहरा पार उतरला. आणि व्याही? ते खो खो हसत सुटले! डोळे पुसत म्हणाले, “विहीणबाई, उडदाचे पापड भाजा. ह्याच्याबरोबर दुसरं काही शोभायचं नाही!” तिसऱ्या ग्लासाला तर ते ह्यांना अरे-तुरे करायला लागले. दोघे गळ्यात गळे घालून बसले होते.

सकाळी मात्र ह्यांनी फर्मान काढलं, “आजपासून ह्या घरातलं एकही भांडं तू घासायचं नाहीस!”

माझा इतका अपमान आयुष्यात कुणी केला नव्हता. अशी काही दुखावले म्हणून सांगू, आजतागायत आमच्याकडे भांडी हेच घासतात!