दाद द्यायची जागा

"यू डेड?" काउंटरवर थाप मारून ती विचारायची. समोरचा गप्प उभा राहिलेला तिला खपायचाच नाही.

वेलिंग्टनला आमच्या बसस्टॉपसमोर तिची डेअरी होती. न्यूझीलंडात कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात. ही कोरियन बाई एके काळी तिकडची कथागायिका होती. हातात पंखा घेऊन, भरड्या आवाजात तासन्‌तास गोष्ट गायची; आपल्या कीर्तनाची लांबची बहीणच म्हणा. साथीला एकच ढोल. तो तिचा नवरा वाजवायचा आणि ओळ संपता संपता "ऑल्सीगू!" असं ओरडायचा. ते ओरडणं म्हणजे दाद, आणि ती गाण्यातच धरलेली. नवरा गेला तसा ढोल चिप्सच्या खोक्यांमागे गेला आणि तिचं गाणंही थांबलं.

एकदा माझं दूध पिशवीत घालताना ती सहज गुणगुणली. आवाज असा काही वळला की माझ्या तोंडून "वा!" निघून गेली. तिनं पिशवी तिथेच सोडली.

"यू! अगेन!"

झालं, आता माझी सुटका नव्हती. रोज सकाळी तालीम. माझी "वा!" जरा उशिरा आली की, "टू लेट! साँग गॉन." लवकर आली की, "व्हाय हरी? वेट फॉर ब्रेथ." बस डोळ्यांदेखत निघून जायची. मी वैतागायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

तिला एकदा, फक्त एकदा, लोकांसमोर पुरतं गायचं होतं. शेवटी कम्युनिटी सेंटरच्या कार्यक्रमात तिची वर्णी लागली. आयोजक बाईंनी आधी "फॅन डान्स नाही का?" असं विचारून तिचं डोकं फिरवलंच. ढोलाला तिच्या चर्चमधले एक आजोबा मिळाले, पण ते भारी लाजाळू. ओरडायचं काम माझ्याकडे आलं.

तिनं सुरुवात केली. मी पहिली "वा!" दिली आणि एक स्वयंसेवक माझ्यापाशी येऊन वाकला.

"सॉरी, पीपल आर ट्राइंग टु लिसन."

"मी पण तेच करतेय!" मी इंग्रजीत फणकारले.

"स्वीट ॲज," तो तिकडच्या बोलीत 'ठीक आहे' म्हणाला. "जस्ट... क्वायटली."

आमची हुज्जत चालू असताना दादेच्या जागा कोऱ्या गेल्या. ती थांबली. सगळ्या हॉलवरून नजर फिरवून म्हणाली, "यू डेड?"

लोकांना वाटलं, संपलं. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

"व्हेरी नाइस पीपल," गाडीत ती म्हणाली. "ऑल डेड."

पुढे दुकान विकून ती ऑकलंडच्या फ्लॅट बुश भागात मुलाकडे राहायला गेली. फोनवर म्हणायची, इथे घरभर कार्पेट आहे, आवाज पिऊन टाकतं. तिथेच ती गेली.

अंत्यविधीला मी विमानानं गेले. मुलाचे डोळे सुजलेले होते. आईची जुनी टेप त्यानं स्वतः बसून कॉम्प्युटरवर साफ केली होती. "डॅड केप्ट शाउटिंग ओव्हर हर," तो म्हणाला, "आय टुक ऑल दॅट आउट." इतक्या मायेनं त्यानं दादच पुसून टाकली होती. मी दातओठ खात बसले.

टेप सुरू झाली. तिचा आवाज चढला, ओळ संपली, आणि तिथे काहीच नव्हतं. लोक माना खाली घालून शांत. दुसरी ओळ संपली. पुन्हा काही नाही. ती बिचारी तिथे थांबून वाट पाहतेय, असं मला वाटलं.

तिसऱ्या ओळीला मी ती श्वास घेईपर्यंत थांबले आणि म्हटलं, "वा!"

सगळ्या माना वळल्या. मुलाचीसुद्धा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढची जागा जवळ आली होती.